मागचा शॉकअप

‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हा शब्द फुलंब्रीच्या एकाही गॅरेजात ऐकू येत नाही. तिथे असतो तो ‘शॉकअप’. शॉकअप बसला, शॉकअपनं ऑइल सोडलं, शॉकअप बदलून टाक. इंग्रजी शब्द इथवर येता येता अर्धा रस्त्यात सांडला आणि उरलेल्याला कुणीतरी ‘अप’ जोडून दिलं. मला तर हे नाव मूळ नावापेक्षा खरं वाटतं. खड्ड्यात चाक वर जातं तेव्हा धक्का घेते ती स्प्रिंग. आत तेल भरलेल्या नळीचं मुख्य काम त्यानंतर सुरू होतं: दबलेली स्प्रिंग पुन्हा वर उसळते, तिला किती वेगानं उसळू द्यायचं ते ठरवायचं. म्हणजे सगळा प्रश्न ‘अप’चाच आहे.

आमच्या घरी म्हैसूरला बनलेली एक जावा २५० आहे. आरसी बुकावर साल १९७१. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८४ साली सेकंडहँड घेतली. तिचे मागचे दोन शॉकअप गेले आणि नवे कोणते बसवायचे यावर आमच्या घरात जवळजवळ वर्षभर चर्चा चालली. पार्ट आणायचा, दोन नट वर, दोन नट खाली, पंधरा मिनिटांचं काम. पण त्या पंधरा मिनिटांच्या आधी मी जे काही वाचलं, मोजलं आणि अण्णांकडून ऐकलं, ते इथे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मोटरसायकलला मागे शॉक असतात हे आपल्याला चाकं असतात इतकंच स्वाभाविक वाटतं. पण मोटरसायकलच्या पहिल्या जवळजवळ पन्नास वर्षांत बहुतेक गाड्यांना मागे काहीच नव्हतं. मागचं चाक थेट चासीला आवळलेलं. पुढे स्प्रिंगा आल्या, मागे मात्र फक्त सीटखाली, जुन्या सायकलीला असतात तशा दोन. धक्का चाकातून चासीत, चासीतून सीटमध्ये आणि तिथून माणसाच्या माकडहाडात. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीनं १९१३ साली मागे चक्क कमानपाटे लावून बघितले होते, टांग्याला किंवा ट्रकला असतात तसे. ते काही रुजलं नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉक मिळाले ते १९५८ सालच्या मॉडेलमध्ये. सिनेमात हार्ले बघताना हे आठवून बघा.

उशीर का झाला? तंत्र माहीत नव्हतं म्हणून नव्हे. मोटारींना तेलाचे शॉक केव्हाच आले होते. अडचण समजुतीची होती. मागचं चाक हलतं ठेवलं तर ते जमीन सोडेल, पकड जाईल, गाडी शेपूट हलवेल, अशी जाणत्या चालवणाऱ्यांची पक्की खात्री होती. ही खात्री मोडण्यात एका गाडीचा मोठा हात आहे, आणि ती गाडी तुम्हाला चांगली माहीत आहे: बुलेट. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एका ट्रायल स्पर्धेत रॉयल एनफिल्डनं नव्या बुलेटचे तीन नमुने उतरवले. मागे झुलता चिमटा आणि तेलाचे दोन शॉक. चिखल, दगड, चढ यांच्या स्पर्धेत अशी गाडी आणणं म्हणजे कुस्तीला चप्पल घालून येण्यासारखं होतं. पण मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत दोन बुलेटवाल्यांनी सुवर्णपदकं घेतली. स्प्रिंग असलेलं चाक खड्ड्यात उतरतं आणि बाहेर येतं. घट्ट आवळलेलं चाक खड्ड्यावरून उडतं आणि हवेत असताना पकड शून्य. गोष्ट एवढीच होती, पण ती दिसायला अर्धं शतक लागलं.

(‘चिमटा’ म्हणजे मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा, पुढच्या टोकाला चासीत बोल्टवर झुलणारा काटा. याला इंग्रजीत झुलता हात म्हणतात. चिमटा जास्त बरोबर आहे.)

त्याच १९४८ साली १७ सप्टेंबरला आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. इथे १९३२ पासून निजाम सरकारच्या बस धावत होत्या, पण शेतकऱ्याचं वाहन बैलगाडी. तिला ना पाटे, ना स्प्रिंग. लाकडी चाकावर लोखंडी धाव आणि खाली रस्ता. धक्का खाण्याचं काम माणसाच्या अंगाखालच्या कडब्यानं करायचं.

आता जावाकडे. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या चेक कारखानदारानं १९२९ साली जर्मन ‘वाँडरर’ कंपनीची मोटरसायकल बनवायचा परवाना घेतला. यानेचेकचा ‘जा’ आणि वाँडररचा ‘वा’. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यात असताना या कारखान्यातल्या लोकांनी चोरून एक नवी गाडी आखली. ती १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. तिच्या मागच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या होत्या आणि नळ्यांत स्प्रिंगा. चाक सरळ वर-खाली व्हायचं, फार नाही, थोडंसंच. लोकांनी तिचं नाव पाडलं ‘पेराक’, म्हणजे स्प्रिंगवाला. युद्धाच्या काळात प्रागमध्ये स्प्रिंगवाल्या माणसाची दंतकथा होती, पायाला स्प्रिंगा लावून घरांवरून उड्या मारणारा. तेच नाव गाडीला चिकटलं.

नंतर १९५४ साली आली जावा ३५३. हिला पेराकच्या नळ्यांऐवजी झुलता चिमटा आणि दोन शॉक होते. हिचं चेक टोपणनाव ‘कीवाच्का’, म्हणजे झुलणारी. चेक लोक आपल्या गाड्यांना मागच्या स्प्रिंगवरून नावं देत होते याचं मला कौतुक वाटतं. आपण टाकीवरून देतो, आवाजावरून देतो, सिनेमावरून देतो. १९७३ च्या ‘बॉबी’त दिसलेली छोटी राजदूत पुढे आयुष्यभर ‘बॉबी’च राहिली.

ही झुलणारीच १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. आयातीवर बंधनं होती, म्हणून मुंबईच्या इराणी मंडळींनी म्हैसूरला कारखाना काढला. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. बंद पडला म्हणजे गाड्या थांबल्याच, पण त्याहून हळू आणि त्याहून दुखरी गोष्ट म्हणजे पार्ट थांबले. आधी दुकानातून, मग गोदामातून, मग मिस्त्र्यांच्या फळीवरून. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाडीवर परत आलं. पण ती गाडी वेगळी, इंजिन वेगळं, शॉकही वेगळे.

आता गंमत बघा. ज्या जिल्ह्यात मी शॉकअप शोधत हिंडत होतो, तो जिल्हा शॉकअपचा आहे.

१९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी एम-८० आणि कावासाकी बजाज केबी १०० आल्या. मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखान्यांचं रान उगवतं, तसं वाळूजला उगवलं. कुणी नट-बोल्ट, कुणी रबर, कुणी रंग, कुणी अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम. यातल्याच ओतकामातून १९८५ च्या सुमारास सुरू झालेली एक कंपनी पुढे एन्ड्युरन्स म्हणून मोठी झाली. आज दुचाकीचे शॉक बनवणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत तिचं नाव आहे आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली. दुसरीकडे गॅब्रिएल इंडियानं १९६१ पासून मुंबईत मुलुंडला शॉक बनवले आणि दुचाकीच्या शॉकसाठी नाशिकला कारखाना घातला. देशातल्या कितीतरी गाड्यांच्या पाठी महाराष्ट्रातल्या नळ्यांवर टेकलेल्या आहेत.

गॅब्रिएलच्या नावाची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये क्लॉड फॉस्टर नावाचा एक खटपट्या माणूस होता. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायलेन्सरच्या धुरावर वाजणारा मोटारीचा भोंगा काढला आणि त्याला नाव दिलं गॅब्रिएल, कारण देवदूत गॅब्रिएल तुतारी फुंकतो. (आमच्या औरंगाबादच्या गल्ल्यांत ज्याला जिब्रील म्हणतात तोच हा.) मग त्यानं पट्टा गुंडाळलेला एक धक्कारोधक काढला, त्यावर अमाप पैसा केला आणि १९५२ साली एका जेवणाला सोळा संस्थांच्या लोकांना बोलावून जवळजवळ सगळा पैसा वाटून टाकला. भोंगा केव्हाच विसरला गेला. देवदूत मात्र अजून शॉकअपवर छापलेला आहे.

अण्णा १९८७ साली वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात लागले. तिथे शॉकच्या आतला दांडा बनत होता. बाहेरून दिसतं ते स्प्रिंगचं वेटोळं. तिच्या पोटात एक नळी, नळीत तेल, तेलात भोकं असलेला दट्ट्या आणि दट्ट्याला जोडलेला चकचकीत दांडा. गाडी दबते तेव्हा दांडा आत जातो, तेल भोकांतून पिळून वर येतं. गाडी उसळते तेव्हा तेच तेल आणखी लहान वाटेनं परत जातं, म्हणून उसळी मंद होते. धक्क्यातली शक्ती तेल गरम करण्यात खर्च होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकला हात लावून बघा, कोमट लागेल.

अण्णा ग्राइंडरवर होते. दांड्याला हार्ड क्रोम चढायचं आणि मग तो मायक्रॉनमध्ये घासून काढायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दांडा जिथे नळीतून बाहेर येतो तिथे रबराचं ऑइल सील असतं. दांड्यावर नखाला लागेल एवढीही रेघ असेल तर ती प्रत्येक खड्ड्याला त्या सीलवर करवतीसारखी फिरते. अण्णा आजही कुठल्याही गाडीचा शॉक बघताना आधी खाली वाकून दांड्यावर अंगठ्याचं नख फिरवतात. बोलतात नंतर.

फुलंब्री ते वाळूज शहरातून जावं लागतं. सावंगी, हर्सूल, मग शहर, मग पलीकडे. अण्णांनी हे अंतर कितीतरी वर्षं याच जावावर रोज जाऊन-येऊन काटलं. दिवसभर नव्या गाड्यांचे दांडे घासायचे आणि रात्री चौका घाटातून जुन्या दांड्यांवर घरी यायचं.

आता ते बाहत्तर वर्षांचे आहेत. कमरेच्या मणक्यातली गादी सरकलेली आहे. डॉक्टर म्हणाले, दुचाकी शक्यतो नको, आणि बसलातच तर धक्के टाळा. अण्णांनी यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकलं. शेत घरापासून सहा किलोमीटर. मका, कापूस, थोडी अद्रक. तिथे ते रोज जाणार आणि जावावर मागे बसून जाणार, हे त्यांनी ठरवून टाकलं. चालवायची मी. म्हणून शॉकअपचा प्रश्न.

एक फाटा सुरुवातीलाच होता. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आमची गाडी वयानं बसते. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तिथे मिरवायला ठीक. माझ्या मित्रांचा या वाटेला आग्रह होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर क्रोमचे चकचकीत, हुबेहूब जुन्यासारखे दिसणारे शॉक होते. अण्णांनी विचारलं, “गाडीवर बसायचंय का गाडीकडं नुस्तं बघायचंय?” तो फाटा तिथेच संपला.

उरले तीन पर्याय.

पहिला, बाजारात मिळणारे नकली, म्हणजे जुन्या मापाचे नवे बनवलेले. दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतात. शहरात एका दुकानात एक जोडी मिळाली. दुकानदारानं ती काउंटरवर उभी करून वरून जोर दिला. “देखो भाई, एकदम टाइट माल है.” टाइट खरंच होता. मी पूर्ण भार टाकला तरी बोटभर दबला नाही. आपल्याकडे ‘कडक’ ही स्तुती आहे: चहा कडक, इस्त्री कडक, शॉकअप कडक. अण्णांनी नख फिरवलं आणि दांडा माझ्याकडे वळवला. क्रोमखाली ग्राइंडिंगच्या रेघा उघड दिसत होत्या.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता. आत नायट्रोजन भरलेले, आजच्या गाडीचे शॉक. नुसत्या तेलाच्या शॉकमध्ये तेलावर थोडी हवा असते. जोरात घुसळलं की तेलाचा फेस होतो आणि फेसाला भोकातून जायला जोर लागत नाही, त्यामुळे शॉक ढिला पडतो. फ्रान्सच्या द कार्बन नावाच्या इंजिनिअरनं पन्नासच्या दशकात दाबलेला वायू वापरून हा फेस रोखला. पुढे तीच युक्ती मोटारींतून मोटरसायकलवर आली आणि आपल्याकडे पल्सरसारख्या गाड्यांवर ‘गॅसचे शॉक’ म्हणून मिरवली. अशी एक जोडी वाळूजची बनलेली, आमच्या जिल्ह्याची. अण्णांच्या हाताखालून एखादा दांडा गेलाही असता, असं वाटून मला ती घ्यायचीच होती.

माप घेतलं. शॉकचं माप सेंटर टू सेंटर घेतात: वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, गाडी डबल स्टँडवर, चाक लोंबतं. नवी जोडी इंचभर लांब निघाली. इंचानं काय होतं असं वाटेल. गाडीची पाठ वर उठते, त्यामुळे पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि हँडल नाचरं होतं. डबल स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलं राहतं. जावाची चेन पूर्ण झाकलेली असते, वर-खाली रबरी नळ्यांत. चिमटा जास्त खाली लोंबला की त्या नळ्या ताणतात. बुशचं भोकही वेगळं होतं. बुश टर्नरकडून करून घेता येतं. लांबी करून घेता येत नाही. आणि हे नवे शॉक वरून दाबून बंद केलेले असतात, एकदा गेले की फेकायचे. अण्णा म्हणाले, “आमच्या वेळेपासून असंच हाये. उघडायचा विषयच नाही.”

तिसरा पर्याय जुनेच उघडायचा. याबद्दल मी शेवटी बोलतो, कारण आधी एक हिशोब करावा लागला.

अजिंठ्याकडे जाणारा आमचा रस्ता काही वर्षांपूर्वी रुंदीकरणाला खणला गेला आणि बराच काळ तसाच पडून होता. वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी त्याची आठवण लेण्यांइतकीच ठेवली असेल. आता सिमेंटचा आहे, गुळगुळीत. पण सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे जॉइंट असतात, उन्हात फुगायला जागा म्हणून. मी टेपनं मोजले, साधारण साडेचार मीटर. मोटारीत बसलात तर फक्त आवाज येतो, टक, टक, टक. आमच्या जावावर मात्र जुन्या शॉकनी एक विचित्र गोष्ट व्हायची. तीसच्या वेगानं ठीक, साठनं ठीक, चाळीसला गाडी मागून झोके घ्यायला लागायची. प्रत्येक जॉइंटला थोडी जास्त.

मी युरियाची गोणी आणली. पूर्वी पन्नास किलोची असायची, २०१८ पासून पंचेचाळीसची. ती मागच्या कॅरियरवर, बरोबर आसाच्या वर ठेवली आणि चासी किती खाली बसली ते मोजलं. पंधरा मिलिमीटर. म्हणजे दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला तीन किलो. गाडीच्या मागच्या भागाचं वजन आणि माझं मिळून मागच्या चाकावर अंदाजे १२० किलो. त्या वजनाला या स्प्रिंगा ४० मिलिमीटर दबाव्या लागतात (काही दाब त्यांना बसवतानाच दिलेला असतो, पण हिशोब पूर्ण ४० चाच). आता अकरावी-बारावीचं सूत्र: गुरुत्वाला या दबण्यानं भागा, वर्गमूळ काढा, दोन पायनं भागा. उत्तर येतं अडीच. ही गाडी सोडून दिली तर सेकंदाला अडीच वेळा झुलते.

साडेचार मीटरवर एक धक्का, सेकंदाला अडीच धक्के. गुणाकार केला की येतो ताशी चाळीस किलोमीटरचा वेग.

झोपाळ्याला नेमक्या वेळी नेमका धक्का दिला की तो वर वर जातो, तेच चाललं होतं. रस्ता जावाला तिच्याच तालात ढकलत होता, आणि तो ताल मोडायचं काम ज्या तेलाचं, ते तेल वर्षांपूर्वी गळून गेलं होतं. झुलणारी खरंच झुलत होती. मागे अण्णा बसले की वजन १८० किलो, झुलणं सेकंदाला दोन, आणि झोके ताशी तेहतीसला. मी जाऊन बघितलं. बरोबर तेहतीसला.

या हिशोबानं कडक शॉकचा निकाल लागला. दुकानातल्या त्या टाइट जोडीच्या स्प्रिंगा दुप्पट कडक धरल्या, तर मी एकटा असताना झुलणं साडेतीनच्या घरात जातं. बसलेल्या माणसाच्या शरीरावर कंपनाचा काय परिणाम होतो याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांत उभ्या धक्क्यांना शरीर सर्वांत जास्त कुठे त्रासतं, तर सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात. कडक स्प्रिंग माणसाला त्या पट्ट्याच्या दाराशी नेऊन उभं करते. मऊ स्प्रिंग दोन-अडीचवर ठेवते, अंगाला सोसेल अशा लयीत. म्हैसूरच्या जुन्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि त्या बरोबर होत्या. गेलं होतं फक्त तेल, सील आणि दांडा. ज्यांना वाटतं की शॉकवरची खाचांची रिंग फिरवून स्प्रिंग कडक होते, त्यांच्यासाठी एक सूचना: होत नाही. गाडीची पाठ फक्त वर येते. स्प्रिंगचा स्वभाव तारेच्या जाडीत आणि वेटोळ्यांत असतो.

म्हणून तिसरा पर्याय. आमचे जुने शॉक उघडतात, झाकणाला आटे आहेत. पन्नास वर्षांचे आटे सहज सुटणार नव्हते. एक रात्रभर रॉकेल-ऑइलच्या मिश्रणात ठेवला, दुसऱ्याला थोडी आच दिली. आतून तेल निघालंच नाही म्हणायला हरकत नाही, काळा चिखल निघाला. दोन्ही दांड्यांना खड्डे पडले होते. अण्णांनी ते कागदात गुंडाळून वाळूजला एका ओळखीच्या वर्कशॉपात नेले. जुनं क्रोम उतरवून नवं चढवलं आणि तिथल्या पोरानं ग्राइंडरवर घ्यायच्या आधी अण्णांना विचारलं, “काका, तुम्ही घेता का?” घेतला. एक त्यांनी, एक त्या पोरानं. कुठला कुणाचा ते मला नखानं कळत नाही, अण्णांना कळतं म्हणे.

सील मापानं शोधली, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी, कुठल्या गाडीची हे विचारायचंच नाही. दोन स्प्रिंगांच्या उंचीत चार मिलिमीटरचा फरक होता, तेव्हा बुटकीखाली चार मिलिमीटरची चकती टर्नरकडून करून टाकली. चिमट्याची बुशही बदलली, कारण चिमटा आडवा हलत असेल तर जगातले सगळे शॉक फुकट. हे काम आधी करायचं असतं. बहुतेक जण शॉक बदलतात आणि मग गाडी अजून का डुलते म्हणून विचारतात.

तेल किती आणि कुठलं यावर मात्र आमचं जमलं नाही. दाट तेल उसळी जास्त रोखतं, पण एकामागून एक धक्के आले तर स्प्रिंगला परत वर यायला वेळ देत नाही, गाडी खाली बसत जाते. पातळ तेल उलट. आणि मेमध्ये आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा दाटही पातळ होतं. मला पातळ हवं होतं, अण्णांना दाट. शेवटी पातळ भरलं, कारण गाडी मी चालवणार होतो.

पहिल्या दिवशी चौक्याच्या बाजूनं चाळीसवर गाडी धरली. टक, टक, टक. मागून आवाज आला, झोका आला नाही. अण्णांना बसवून तेहतीसवर धरली तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या जॉइंटनंतर किंचित झुलल्यासारखं वाटलं आणि थांबलं. मी मागे न बघता विचारलं, कसं वाटतंय. ते म्हणाले, “पातळ हाये.”

दिवाळीनंतर उघडून बघू असं ठरलंय. दाट तेलाची बाटली त्यांनी आधीच आणून ठेवली आहे.